व्यायाम बरोबर, वेळ चुकीची

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नोकरीतला ताण वर्षभर हटत नाही. मीटिंगच्या आधी छातीत धडधडतं, रात्री पाठ टेकली की दिवसभराचं सगळं डोक्यात फिरायला लागतं. ध्यान करून पाहिलं, तर विचार दुप्पट झाले. कृतज्ञतेची डायरी लिहून पाहिली, तर ‘एवढं सगळं असून मी रडतेय’ असं वाटून अपराधीपणा वाढला. दिवसातून दहा मिनिटांपलीकडे वेळ काढता येत नाही. मग हे व्यायाम माझ्यासाठी आहेत, की ज्यांना मुळात ताणच नाही त्यांच्यासाठी?

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, कारण अगदी हाच टोमणा माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस मारतो. तेव्हा आधी सरळ उत्तर देते. दहा मिनिटं पुरतात. एका वेळी तीनच मिनिटं दिलीत तरी चालेल. तुमचे व्यायामही बरोबर आहेत, वेळ तेवढी चुकली आहे. धडधड सुरू असताना तुम्ही विचारांकडे शांतपणे बघायला बसलात, आणि दिवसभर पिळून निघाल्यावर रात्री आयुष्याचा जमाखर्च मांडायला घेतलात. ही दोन कामं त्या दोन वेळांना कुणालाच जमत नाहीत. वीसेक वर्षं समुपदेशन करूनही मला जमत नाहीत.

ताण उसळलेला असतो तेव्हा शरीराशी बोलायचं असतं, आणि तो ओसरलेला असतो तेव्हा मनाशी. लोक नेमकं उलटं करतात.

उसळलेल्या ताणापासून सुरुवात करू. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ सालच्या त्याच्या पुस्तकात भय आणि राग आल्यावर शरीर स्वतःला लढायला किंवा पळायला कसं तयार करतं, ते मांडलं. हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो, पचनाचं काम मागे पडतं, स्नायू आवळले जातात. शरीराला ईमेल वाचता येत नाही. ‘धोका आहे’ एवढाच निरोप त्याला मिळतो आणि तेवढ्यावर ते कामाला लागतं. अशा वेळी तोलूनमापून विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग नीट चालत नाही. म्हणून मीटिंगच्या दारात उभं राहून ‘सकारात्मक विचार कर’ असं स्वतःला बजावणं म्हणजे वीज गेलेल्या घरात दिव्याची बटणं दाबत बसणं.

हृदयाला आपण ‘हळू हो’ असं सांगू शकत नाही, घामालाही थांबवू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि हवा तेव्हा हातातही घेता येतो. आत शिरायला तेवढंच एक दार उघडं असतं.

हे मी नुसतं सांगत नाही, करून घेते. तुम्हीही आत्ता करा. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाच्या बाजूला, दोन बोटं हलकेच ठेवा आणि नाडी सापडू द्या. मग सावकाश श्वास आत घ्या, आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. चार-पाच वेळा केलंत की बोटांखाली कळेल: श्वास आत येताना ठोके थोडे घाईत पडतात आणि बाहेर जाताना दोन ठोक्यांतलं अंतर वाढतं. तरुणपणी हे जास्त ठळक जाणवतं, वयाबरोबर कमी होत जातं. मेंदूकडून हृदयाकडे येणारी वेगस नावाची नस उच्छ्वासाच्या वेळी लगाम खेचते आणि श्वास घेताना तो सैल सोडते, त्याचा हा परिणाम.

मागे एक तरुण इंजिनिअर आला होता. हाताची घडी, पाय सारखा हलतोय. ‘मॅडम, श्वासाबिसावर माझा विश्वास नाही, आधीच सांगतो.’ मी म्हटलं, विश्वास राहू द्या, नाडी धरा. चौथ्या उच्छ्वासाला दचकून म्हणाला, ‘थांबली!’ थांबली नव्हती, लांबली होती. पुढच्या वेळी आला तो माझ्या आधी मनगट पुढे करून.

तेव्हा पहिला व्यायाम उच्छ्वासाचा. नाकाने श्वास घ्या. छाती भरली असं वाटलं की वरून आणखी एक छोटासा घोट घ्या. मग ओठ किंचित आवळून, फुंकर घातल्यासारखा, सगळा श्वास आपोआप संपेपर्यंत सोडा. हुंदके देऊन रडून झालेलं लहान मूल शेवटी असाच दोन टप्प्यांत श्वास घेतं आणि लांब सुस्कारा टाकून शांत होतं. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, शरीराला आधीपासून येतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं हे सुस्कारे टाकायला सांगितले आणि काहींना तेवढाच वेळ श्वासाकडे नुसतं लक्ष देण्याचं ध्यान दिलं. चिंता दोन्हीकडे कमी झाली. मात्र मन प्रसन्न वाटणं सुस्काऱ्यांच्या गटात जास्त वाढलं. एका अभ्यासावरून फार उड्या मारू नयेत, पण माझा खोलीतला अनुभव याच्याशी जुळतो.

मीटिंगच्या आधी असे तीन ते पाच सुस्कारे पुष्कळ होतात. चारचौघांत विचित्र दिसेल असं वाटत असेल तर दुसरी रीत आहे: चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत नाकानेच बाहेर. सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटात सहा श्वास होतात, आणि तेवढी संथ लय बहुतेकांना मानवते. शेजारी बसलेल्याला कळतसुद्धा नाही.

इथे एक चूक हमखास होते. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला इतका रुळला आहे की घाबरलेला माणूस भसाभसा मोठे श्वास घ्यायला लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि मग ‘मला काहीतरी होतंय’ ही नवी भीती त्यावर चढते. मोठा श्वास घेण्याच्या मागे लागू नका. लांबवायचा आहे तो सोडताना. मी तर म्हणते, घेण्याचा विचारच करू नका. सोडून झाला की पुढचा श्वास आपला आपण येतो, तो कधी चुकत नाही.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच गुदमरतं. यात तुमची काही कमतरता नाही. शांत होण्याच्या प्रयत्नातूनच चिंता वाढणं ही मानसशास्त्रात १९८० च्या दशकापासून नोंदलेली गोष्ट आहे. ज्यांना पूर्वी पॅनिक अटॅक आलेला आहे किंवा ज्यांच्या बाबतीत काही आघात घडलेला आहे, त्यांच्यात मला हे अधिक दिसतं. अशांनी डोळे मिटूच नयेत. पाय जमिनीवर टेकवा. टाच, चवडा, अंगठा, करंगळी, एकेक करून जमिनीचा दाब कुठे लागतोय ते शोधा. मग खोलीत ऐकू येणारे आवाज मोजा, सगळ्यात लांबचा कुठला, सगळ्यात जवळचा कुठला. दोन मिनिटं. यालाही ध्यानच म्हणतात, फक्त लक्ष ठेवायची खुंटी श्वासाऐवजी तळपाय.

आणि स्नायू. एडमंड जेकबसन या डॉक्टरने स्नायू मुद्दाम आवळून सोडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. पूर्ण केली तर ती बरीच लांबते, पण तिचा छोटा तुकडा खिशात ठेवण्याजोगा आहे: खांदे कानांपर्यंत उचला, पाच मोजेपर्यंत धरा, एकदम सोडा. मग जबडा. हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर दाबलेले असतील, तर सोडा.

आता तुमच्या ध्यानाकडे येते. विचार दुप्पट झाले म्हणता. ते होते तेवढेच आहेत, आधी दिसत नव्हते. घरघरणारा पंखा बंद केल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तसं. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक गंमतशीर प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. विचार हाकलण्याचा प्रयत्न केला की मनाला ‘तो आला का?’ हे सतत तपासावं लागतं, आणि तपासायचं म्हणजे आठवायचं. ‘मन निर्विचार करा’ असं सांगणारी शिकवणी नवशिक्याला या अस्वलाच्या तोंडी देते, म्हणून माझा तिच्यावर राग आहे.

तसंही मन भटकणं ही त्याची रोजचीच चाल आहे. हार्वर्डमधल्या दोन संशोधकांनी २०१० साली मोबाईलवरून हजारो लोकांना दिवसात अधूनमधून विचारलं, ‘आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे?’ जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. तेव्हा तीन मिनिटांत ते पंधरा वेळा पळालं तर आश्चर्य कसलं? पळालेलं ध्यानात येणं आणि परत येणं, एवढाच हा व्यायाम. पंधरा वेळा पळालं म्हणजे पंधरा वेळा व्यायाम झाला.

मेसाच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये ताणासाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात रोज पाऊण तास सराव असतो. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही आणि मी तो मागतही नाही. त्याच परंपरेतून पुढे, नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून सीगल, विल्यम्स आणि टीजडेल यांनी जी उपचारपद्धत बांधली, तिच्यात तीन मिनिटांचा एक छोटा थांबा आहे. तो मी सगळ्यांना देते. पहिलं मिनिट: आत्ता काय चाललंय? कुठला विचार, कुठली भावना, अंगात कुठे काय. बदलायचं काही नाही. दुसरं मिनिट: लक्ष आवळून फक्त श्वासावर, पोट वर येतंय, खाली जातंय. तिसरं मिनिट: लक्ष पुन्हा पसरू द्या, सगळं अंग, बसलेली खुर्ची, भोवतालची खोली. आधी रुंद, मग अरुंद, मग पुन्हा रुंद. एवढा आकार लक्षात राहिला तरी बास.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं हे कुणी सांगत नाही, म्हणून आज सकाळचा माझा थांबा प्रामाणिकपणे लिहिते. पहिलं मिनिट: मानेत डावीकडे ओढ, मनात, एका मैत्रिणीला फोन करायचा राहिलाय. त्याची लाज. दुसरं मिनिट: एक श्वास, दोन श्वास, फोन कधी करावा, दुपारी की संध्याकाळी, ती रागावली असेल, अरे, परत या. एक श्वास. बाहेर गाडीचा हॉर्न. चिडचिड. परत. दोन श्वास. तिसरं मिनिट: मान आहे तशीच. खुर्चीला पाठ टेकल्याचं आत्ता कळलं. संपलं. दिव्य अनुभव वगैरे काही नाही. पण त्यानंतर मी मैत्रिणीला फोन केला, नाहीतर आणखी चार दिवस ती लाज घेऊन फिरले असते.

त्या पहिल्या मिनिटातलं ‘लाज’ हे नाव महत्त्वाचं आहे. भावनेला शब्द दिला की तिची धार उतरते. २००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला नाव देताना मेंदूतला भीतीशी जोडलेला अमिग्डला हा भाग कमी उत्तेजित राहतो. म्हणून माझ्या खोलीत ‘टेन्शन’ या शब्दावर अर्धी बंदी आहे. टेन्शन आलंय म्हणजे नक्की काय आलंय? आपल्या भाषेत यासाठी केवढं भांडार आहे: निकालाआधीची धाकधूक निराळी, कुणी वेळेवर परतलं नाही की होते ती घालमेल निराळी. करायचं ते राहून गेल्याची रुखरुख, नको ते बोलून गेल्याची खंत, काहीच हातात नसल्याची तगमग, कशाचं ते न कळणारी हुरहुर. या प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. रुखरुखीवर उपाय आहे, राहिलेलं करून टाकणं. तगमगीवर तो लागू नाही, तिथे श्वासच बरा. एक गृहस्थ तीन महिने ‘ऑफिसचं टेन्शन’ घेऊन येत होते. या यादीतून शब्द निवडा म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘अपमान.’ यादीत तो शब्दच नव्हता. पुढचं काम मग सोपं झालं.

आता डायरी. मार्टिन सेलिगमन १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले आणि मानसशास्त्राने नुसत्या आजाराऐवजी माणसाचं काय नीट चाललंय तेही अभ्यासावं, असा आग्रह त्यांनी धरला. २००५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही व्यायाम तपासले. त्यातला एक असा: आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी नीट घडलेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहायचं. सहा महिन्यांनंतरही या गटाला बरं वाटत होतं, विशेषतः ज्यांनी आपणहून पुढे चालू ठेवलं त्यांना. नंतरच्या अभ्यासांत परिणाम इतका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. हा उपाय सौम्य आहे. रामबाण म्हणून विकणाऱ्यांपासून लांब राहा.

तुमचं बिनसलं कुठे, ते मला एका वहीवरून सांगता येईल. एका बाईंनी मला वही दाखवली. पहिल्या दिवशी: ‘१. चांगलं घर. २. मुलं निरोगी. ३. नोकरी आहे.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, खाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण. चौथ्या दिवसापासून वही कोरी. ही मालमत्तेची यादी झाली, दिवसाची नोंद नव्हे. आणि अशा यादीतून अपराधीपणच निघणार, कारण ती आपोआप विचारते, ‘एवढं असून कुरकुर कसली?’ त्याच बाईंची महिन्याभरानंतरची एक नोंद: ‘दुपारी धाकट्याने न सांगता चपला जागेवर ठेवल्या. का? सकाळी मी ओरडले नव्हते म्हणून असेल. किंवा त्याचा मूड चांगला होता. पण मी ओरडले नव्हते हेही खरं.’ पाहा, इथे घरही नाही आणि आरोग्यही नाही. एका जोडी चपला आहेत. पण त्या त्याच दिवशीच्या आहेत, आणि ‘का’च्या रकान्यात त्या स्वतः थोड्याशा सापडल्या आहेत. ताणाखालच्या माणसाची पहिली समजूत ‘माझ्या हातात काहीच नाही’ ही असते, आणि हा ‘का’ तिलाच टोकरतो. तो गाळला तर उरते ती नुसती यादी.

म्हणून गोष्ट छोटी हवी, आजची हवी, आणि ‘का’सकट हवी. सापडल्या नाहीत तर दोनच लिहा, एकही चालेल. आठवडाभर रोज केल्यावर मग आठवड्यातून एकदाच. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा कृतज्ञतेची नोंद करणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. गृहपाठ झाला की गोडी जाते, दुसरं काय. शिवाय रात्री अकराला, डोळे मिटत असताना लिहू नका. काम संपल्यानंतरचा, पण थकवा चढण्याआधीचा पंधरा मिनिटांचा पट्टा बहुतेकांच्या दिवसात असतो. तो शोधा.

सेलिगमन यांच्या २००५ च्या त्या अभ्यासात आभाराचं पत्र लिहून, ते त्या व्यक्तीला समक्ष वाचून दाखवण्याचाही व्यायाम होता. त्याने सुरुवातीला मोठी उभारी आली आणि काही महिन्यांत ती ओसरली. करावा, वर्षातून एकदोनदा करावा, पण ताणावरचा रोजचा उपाय म्हणून तो माझ्या उपयोगाचा नाही.

‘मी समर्थ आहे, मी यशस्वी आहे’ असं आरशासमोर म्हणण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. २००९ साली जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांचा स्वतःविषयीचा आदर आधीच कमी आहे, त्यांना अशा वाक्यांनी आणखी वाईट वाटतं. मन लगेच उलटतपासणी घेतं. तसंच सकारात्मक भावना नकारात्मकपेक्षा जवळजवळ तिप्पट असल्या की माणूस बहरतो, असं एक गणित बराच काळ मिरवलं गेलं. २०१३ मध्ये त्यामागची समीकरणंच चुकीची ठरली. कुणी आकडा सांगून सुख मोजायला लागलं तर सावध व्हा.

त्याऐवजी मी स्वतःशी बोलण्याची पद्धत बदलायला सांगते. क्रिस्टिन नेफ यांनी आत्मकरुणेवर काम केलं आहे, शब्द जड आहे पण गोष्ट साधी आहे. तुमची जवळची मैत्रीण हीच चूक करून आली असती तर तिला काय म्हटलं असतंत, ते शब्दशः लिहा. मग तेच स्वतःला, स्वतःच्या नावाने हाक मारून सांगा. मनात ‘मी’ऐवजी आपलंच नाव घेऊन बोललं की जरा अंतर पडतं, हे ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत २०१४ साली दिसलं आहे. पहिल्यांदा करताना हसू येतं. येऊ द्या. मात्र सूर खोटा गोड नको. ‘होईल गं सगळं छान’ असलं तोंडदेखलं बोलणं आपण मैत्रिणीकडूनही ऐकून घेत नाही. ‘अवघड गेला आजचा दिवस, कुणालाही गेला असता’ हे चालतं.

रात्रीचं प्रकरण निराळं. अंथरुणावर ध्यान करून झोप आणायचा प्रयत्न करू नका, झोप आणायला लागलं की ती पळते. दिवे मालवण्याआधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहा, जितकी बारीक तितकी चांगली. मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या अभ्यासात, झोपण्याआधी उद्याची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. डोक्याला एकदा खात्री पटली की कागद लक्षात ठेवतोय, की ते पहारा सोडतं. तरीही वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि झोप आल्यावरच परत आडवं व्हा. आणि दिवसा, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या खुर्चीत, काळजी करायला वेळ नेमून द्या. रात्री काळजी आली की तिला सांगता येतं, तुझी वेळ उद्या साडेपाचला. ऐकायला पोरकट वाटतं, पण चालतं.

हे सगळं सुचेल कधी? ताण चढला की व्यायाम आठवत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, म्हणून सराव शांत वेळी हवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम सांगतं की ‘मी रोज करेन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं ठरवलेलं जास्त टिकतं. लॅपटॉप उघडायच्या आधी तीन सुस्कारे. लिफ्टचं बटण दाबलं की खांदे. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटाला व्यायाम बांधा, वेगळा वेळ शोधायला जाल तर तो कधीच सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण ती न सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात असेल तर श्वास लांबवून ते दोन माणसांचं होत नाही. कर्मचाऱ्यांना दुपारी ध्यानाचा वर्ग आणि रात्री दहाला ईमेल, असं पाहिलं की माझं डोकं फिरतं. अशा वेळी व्यायामाचा उपयोग एवढाच, की वरिष्ठांशी बोलायला बसाल तेव्हा आवाज कापणार नाही. बोलावं लागतंच. आणि सलग दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट पाहू नका, आजच कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. छातीतली धडधड नवीन असेल, दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या, श्वासाचं नंतर पाहू.

तुमच्यासाठी पहिला आठवडा असा लावून देते. सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी तीन सुस्कारे, मीटिंगच्या दाराशी तीन. दुपारी एकदा तीन मिनिटांचा थांबा, डोळे उघडे ठेवून. रात्री उद्याची यादी. बास. दुसऱ्या आठवड्यात थांब्यातल्या पहिल्या मिनिटाला ‘टेन्शन’खेरीज दुसरा एक शब्द शोधायचा. हे शब्द एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, सातातले चार एकच निघाले तर मला कळवा, त्यावर वेगळं बोलावं लागेल. डायरी सध्या कपाटातच राहू द्या, तिसऱ्या आठवड्यात काढू.